पातळ तारेवरचा पाचवा पडदा

जळगाव
रविवार, ९ जानेवारी १९९४

चि. जीवराम,

अक्षर ओळखलं असशील. दहा वर्षांत त्याची पाठ थोडी वाकली, बाकी तेच. न वाचता फळीवर टाकलंस तरी चालेल. मी लिहितोय हे पुष्पाला माहीत नाही. ती तुझी बहीण असली तरी हे पत्र तुझ्या दाजीचं एकट्याचं समज.

कारण किरकोळच आहे. संक्रांतीआधी घराला चुना मारला, म्हणून खुंटीवरची तुझी बेस गिटार उतरवावी लागली. बोदवडहून आणली तेव्हापासून ती तिथेच होती, पुष्पाने जुन्या लुगड्याची खोळ शिवली होती तीत. खोळ काढली तर चारही तारा गंजलेल्या, पण ताठ. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गात राहून गेलेल्या दप्तरासारखी दिसत होती.

मान मात्र अजून सरळ आहे. मी एक डोळा मिटून तिच्या डोक्याकडून, तारांच्या खुंट्यांच्या बाजूने, खाली पाहिलं, केसभरही बाक नाही. तुला आठवत असेल, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून आपण ती आणली तेव्हा मान मधोमध मोडलेली होती. विकणारा हसून म्हणाला, "मास्तर, हिचा आता पाटसुद्धा होणार नाही." आणि तू पॅसेंजरच्या डब्यात ते दोन तुकडे मांडीवर घेऊन बसला होतास. समोरच्या बाईने विचारलंसुद्धा, "काय रे भाऊ, कोनले लागनं?"

नवी मान मी केली ती नववी ब च्या मोडक्या बाकाची. जुना साग, रेषा कशा सुतात ओढल्यासारख्या. शाळेतली माझी सुतारकामाची खोली आणि नववी ब यांच्यामध्ये एक विटेची भिंत, आणि पलीकडे मराठीचा तास. कविता सुरू झाली की मी रंधा थांबवायचो, पोरांनाही थांबवायचो. मला जेवढ्या कविता पाठ आहेत त्या सगळ्या त्या भिंतीतून आलेल्या, म्हणून मधले मधले शब्द गळलेले आहेत. एकोणऐंशीचा अख्खा उन्हाळा मी त्या मानेवर काढला. आत लोखंडी सळई बसवली, वर धातूचे वीस आडवे पडदे ठोकले. ज्या लाकडाने चाळीस वर्षं वृत्तं ऐकली ते बेसूर कसं वाजेल, अशी माझी खात्री होती.

आता तारा बदलाव्यात की तशाच राहू द्याव्यात, एवढंच विचारायला लिहिलं.

तुझा,
शालिग्राम


जळगाव
रविवार, ३० जानेवारी १९९४

चि. जीवराम,

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन धनसिंग गल्लीत शिरला की मी उगाच कडीपत्त्याला पाणी घालायला बाहेर जातो. त्याने काल विचारलं, "मास्तर, कडीपत्ता बुडवता का?"

तारा मीच बदलल्या. पण आवाज कसला? आपला वाद्यवृंद, गिरणा मेलडी, बंद झाला तेव्हाच अँप्लिफायर गेला. विजेशिवाय ही गिटार म्हणजे ओठ हलवणारा मुका. मग मला एक सुचलं. तिचं डोकं मी लाकडी कपाटाला टेकवलं आणि तार छेडली. जीवराम, सगळं कपाट गायला लागलं! आतल्या वाट्या किणकिणल्या. पुष्पा चुलीपुढून म्हणाली, "मांजर शिरलं का कपाटात?"

मग रोजच बसू लागलो. मला तुझ्यासारखं वाजवता येत नाही, पण एकेका पडद्यावर बोट ठेवून स्वर किती टिकतो हे ऐकत राहायला येतं. घड्याळाचा सेकंदकाटा मला दिसत नाही, म्हणून मी शार्दूलविक्रीडित लावतो. एका चरणात एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती. स्वर सुटला की मनात म्हणायला सुरुवात करायची. बहुतेक स्वर चरण संपवून दुसऱ्यात शिरतात.

परवा कपाटाजवळ पुष्पाने पापड वाळत घातले होते, म्हणून मी खाटेवर बसलो. गिटारीचं डोकं मोकळं हवेत, माझा कान तिच्या अंगाला लावलेला. एकेक पडदा चढत गेलो. पातळ तारेवर चौथा, ठीक. पाचवा दाबला.

सातव्या अक्षराला स्वर मेला.

पुन्हा दाबला. सातवं अक्षर. बोट बदललं, मधलं लावलं, अंगठ्यानेसुद्धा दाबून पाहिलं. सातच. सहावा पडदा दाबला तर पुन्हा सगळा चरण पुरा. मग पापड बाजूला सारून (त्यावरून जे ऐकावं लागलं ते लिहीत नाही) तिचं डोकं परत कपाटाला टेकवलं, आणि तोच पाचवा पडदा एकोणीस अक्षरं पार करून गेला.

माझी दहाही बोटं शाबूत आहेत, जीवराम.

आज एवढंच.

शालिग्राम


जळगाव
रविवार, २७ फेब्रुवारी १९९४

चि. जीवराम,

महिनाभर याच नादात आहे. तूही आता पन्नाशीला आलास, धुळ्यात स्वतःचं गॅरेज चालवतोस असं कानावर आहे. यंत्रातलं तुला माझ्याहून जास्त कळतं. तरी मला जे उमगलं ते सांगतो, चुकलं तर हस.

तार थरथरते तशी मानही थरथरते. मानेची स्वतःची एक लय असते, लांबीप्रमाणे, वजनाप्रमाणे. एखादा स्वर नेमका त्या लयीचा आला, की मान त्याला गिळते. ती स्वतः हलते आणि तार गप्प होते. लाकूड वाईट म्हणून असं होतं असंही नाही, चांगल्यातल्या चांगल्या मानेतही अशी एखादी जागा सापडत असणार. डोकं कपाटाला टेकलं की मानेला हलता येत नाही, म्हणून तिथे स्वर जगतो.

आता कपाट घेऊन कुणी स्टेजवर जात नाही. म्हणून डोक्याला वजन बांधायचं ठरवलं. आधी माझा जुना लोखंडी शिकंजा आवळला, पाचरी ठोकताना वापरायचो तो. पाचवा पडदा लख्ख वाजला! मी आनंदाने उठलोच. मग तिसरा दाबला, तर तो मेलेला. म्हणजे ती जागा गेली नव्हती, दोन घरं खाली राहायला गेली होती. कपडे वाळवायचे चिमटे लावले, त्याने काही होईना. दोन्हींच्या मधलं वजन हवं होतं.

ते सापडलं तुमच्याच घरचं. तुमच्या आईचा, भिकुबाईंचा, पितळी अडकित्ता. पुष्पाला लग्नात दिलेला. तो डोक्याच्या फळीला चावून बसतो, वरून सुतळीचे दोन वेढे. त्याने ती मेलेली जागा चौथ्या आणि पाचव्या पडद्याच्या मधोमध येऊन बसली, जिथे कुणाचं बोट कधी थांबत नाही. दोन्ही बाजूंचे स्वर थोडे लवकर विझतात, पण पंधराव्या अक्षरापर्यंत जातात. यतीच्या पलीकडे गेला की स्वर चालतो, असं मी मानतो.

दुपारी पुष्पा आली.

"मना अडकित्ता कोठे शे?"

"असेल इथेच."

तिने पाहिलं. कमरेवर हात. "गिटार सुपारी खाई ऱ्हायनी का आता?"

मी तिला समजावलं. सगळं, आत्ता तुला लिहिलं तसं. अडकित्ता काढून स्वर मारून दाखवला, लावून जिवंत करून दाखवला. दोनदा. तिला गाण्यातलं कळत नाही असं मी आयुष्यभर म्हणत आलो. ती खाली बसली, पदराने गुडघे झाकले, आणि एवढंच विचारलं,

"मंग जीवरामनं बोट?"

मी अडकित्ता काढून तिच्या हातात दिला. तिने तो घेतला नाही.

शालिग्राम


जळगाव
रविवार, ३ एप्रिल १९९४

चि. जीवराम,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. ऊन आताच त्रेचाळीसवर आहे. वाचनालयात पंख्याखाली बसून लिहितोय, कारण घरात पुष्पा कामापुरतं बोलते. "जेवा." "बंब विझवा." एवढंच.

तिचा प्रश्न साधा होता आणि उत्तर मला पंधरा वर्षांपासून माहीत होतं.

तो स्वर मी पहिल्याच दिवशी मरताना ऐकला होता. एकोणऐंशीच्या जूनमध्ये, तारा चढवल्यावर तू पहिली चाल वाजवलीस तेव्हाच. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "बोट नीट दाब." तेव्हा तुझं बोट तरणंताठं होतं. दोन महिन्यांचं काम माझं, त्यात खोट कशी असेल? मी तोंड फिरवून माझ्या अकॉर्डियनचा पट्टा घट्ट करत बसलो.

मग काही आठवड्यांनी स्वर मरेनासा झाला. मी सगळ्यांना सांगत सुटलो, वाद्यवृंदातल्या सुपडूला, लिलाबाईला, भडगावच्या कार्यक्रमात तर माइकवरून, की साग वाजून वाजून पिकला, वाद्याला वय लागतं. चार वर्षं तो स्वर तुझ्या हातून असा भरदार निघायचा की मी डोळे मिटून ऐकायचो. मी वाजवताना डोळे मिटतो हे तुला माहीत आहे. कविताही मी तशाच ऐकतो.

त्र्याऐंशीच्या दिवाळीत गाडीचं बॉनेट पडून तुझं डाव्या हाताचं बोट चिरडलं. अनामिका. जोडलं, पण आखडलं. तीन महिन्यांनी तू परत बसलास, आणि पाचव्या पडद्यावरचा स्वर पुन्हा मरू लागला. तेव्हा मला काय वाटलं ते आज लिहितो. मला वाईट वाटलं, आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी माझ्या लाकडाकडे बघणार नव्हतं.

बोदवडला त्या हळदीच्या कार्यक्रमात स्वर दोनदा पडला. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मान वळवली. मी माइक ओढला आणि म्हणालो, "रसिकहो, आमच्या बेस गिटारचं एक बोट रजेवर आहे, सांभाळून घ्या." मांडव हसला. सुपडूने टाळी दिली. तू गिटार खुर्चीला टेकवलीस, तारा दिसतील अशी नीट सरळ केलीस, आणि स्टेशनच्या रस्त्याने चालायला लागलास. मी पुढचं गाणं सुरू केलं.

घरी येऊन मी पुष्पाला सांगितलं, बोट गेल्याची लाज वाटते म्हणून तो येत नाही. दहा वर्षं तिने ते खरं मानलं. तुला लाज वाटत नव्हती. ती मला वाटायला हवी होती.

एक गोष्ट मात्र अजून उलगडत नाही. ती मान आजही मेलेली आहे, माझ्या बोटाखाली, कुणाच्याही बोटाखाली. लाकूड पिकलं वगैरे काही नाही. मग मधली चार वर्षं तो स्वर जगला कसा? मी कपाट, भिंत, खुर्ची सगळं आठवून पाहिलं. तू गिटारीचं डोकं कशालाच टेकवत नव्हतास. तुला माहीत असेल तर सांग. नाही सांगितलंस तरी तुझा हक्क आहे.

शालिग्राम


जळगाव
रविवार, १ मे १९९४

चि. जीवराम,

आज मागणं आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, तेरा तारखेला आहे. गल्लीतल्या सासुरवाशिणींना घरोघर मुराळी न्यायला येऊ लागलेत. शेजारच्या वच्छलाबाईंची सून काल एरंडोलला गेली, तिचा भाऊ बैलाच्या शिंगासारख्या मिशा घेऊन आला होता. पुष्पा दरवर्षी काय करते सांगतो. ती गल्लीतल्या मुलींना लिंबाला झोका बांधून देते. गाठ तिचीच पक्की बसते, तिच्याकडूनच बांधून घेतात. मुली गौराईची गाणी म्हणत झोके घेतात आणि ही खाली उभी राहून दोराला हात लावून बघते, सैल झाला का. स्वतः बसत नाही. म्हणते, "झोका माहेरना आंगणमा." माहेरचं मूळ आल्याशिवाय ती जाणार नाही हे तू जाणतोस, ती तुझीच बहीण. असे दहा झोके झाले.

माझा राग माझ्यावर ठेव. मला तुझ्या दाराशी उभं करू नकोस, ते मी मागत नाही. फक्त तिला मुराळी पाठव. कुणीही चालेल. कुणीच नसेल तर गॅरेजमधला एखादा माणूस पाठव, बसस्टँडवर उभा राहून नाव पुकारलं तरी ती ओळखेल.

गिटार तुझी आहे. ती तिच्याबरोबर देईन, डोक्याला अडकित्ता बांधून. पुष्पाने परवानगी दिली आहे, म्हणजे "करा काय करनं ते" असं म्हणाली आहे.

शालिग्राम


जळगाव
मंगळवार, १० मे १९९४

प्रिय जीवराम,

काल सकाळी मी दूध घेऊन परत येत होतो. गल्लीच्या तोंडाशी तू दिसलास. पाठमोरा. केस पांढरे झालेत, पण डावा खांदा अजून तसाच खाली, गिटारच्या पट्ट्याने पाडलेला. तू दारापुढे उभा राहून चपला काढत होतास, पायाशी एक लहानसा अँप्लिफायर.

मी वळलो आणि वाचनालयात जाऊन बसलो. दुधाची पिशवी मांडीवर. कालचंच वर्तमानपत्र तीनदा वाचलं. दूध नासलं. हे तुला सांगायला नको होतं, पण आता न सांगण्याची मला भीती वाटते.

दुपारी परतलो तर दाराला कडी. वच्छलाबाई ओट्यावर चिंचा फोडत होत्या. म्हणाल्या, "कोठे व्हतात मास्तर? मुराळी उनता! खुद्द भाऊ उना. तुम्हनी बाई काय हसत गयी, माले तर वळखूच येयेना."

"काही बोलला का तो?"

"बोलना नही जास्ती. चहा पिधा. मंग तुम्हना घरमातून काय तरी घुमाडा उना, भित मनी थरथरनी." आणि चिंचेचा हात भिंतीला लावून त्यांनी जागा दाखवली.

घरात खुंटी रिकामी. खोळसुद्धा नेलीस. टेबलावर माझी वही, तिच्यावर अडकित्ता, सुतळीची नीट गुंडाळी केलेली. त्याखाली तुझी चिठ्ठी. दहा वर्षांनंतर तुझी एक ओळ:

"लाकूड पिकनं नही दाजी, मी सरकनू."

मी उभ्याने वाचली. मग बसून. समजायला वेळ लागला, माझ्यासारख्या मास्तरला. गिटार हाताशी नव्हती, तेव्हा वहीवर चार रेघा मारल्या, आडवे पडदे काढले, आणि बोट ठेवून मोजलं. पातळ तारेचा पाचवा पडदा. तोच स्वर शेजारच्या तारेवर कुठे? दहाव्या पडद्यावर. तिथे तो मरत नाही.

म्हणजे चार वर्षं, प्रत्येक गाण्यात, तो स्वर आला की तू हात उचलून पाच घरं वर सरकत होतास आणि परत खाली येत होतास. मला कळू नये म्हणून. माझ्या कामाला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून. मी माइकवरून साग पिकल्याचं सांगत होतो तेव्हा तू माझ्या मागे चार हातांवर उभा होतास, आणि हसलासुद्धा नाहीस. मग बोट आखडलं. त्या हाताला ती उडी झेपेना, तू खालीच राहिलास, आणि लाकूड उघडं पडलं. ज्याने ते चार वर्षं झाकलं त्याचंच बोट मी मांडवाला दाखवलं.

आणि हे सगळं माझ्या समोर होत होतं. नुसते डोळे उघडायचे होते.

काल तू आमच्या घरात काय वाजवलंस मला माहीत नाही. अडकित्ता काढून वाजवलंस एवढं खरं. आखडलेलं बोट घेऊन वर सरकलास, की खालीच थांबून त्याला मरू दिलंस? वच्छलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चांगलं व्हतं." त्यांच्याकडून याहून जास्त मिळणार नाही.

अडकित्ता मी धुऊन पुसून पुष्पाच्या डब्यात ठेवला आहे. तिला सांग, सुपारी कातरायला मोकळा आहे.

आखाजी झाली की तुझ्या बहिणीला परत न्यायला यायचं काम नवऱ्याचं. बावीस तारखेच्या रविवारी मी पारोळ्यावरून जाणाऱ्या सकाळच्या गाडीने निघेन. धुळ्याला उतरून चालत येईन, रस्ता आठवतो. तुझ्या दारापाशी पोचल्यावर मागे वळलो तर पुष्पाला हाक मारायला सांग, तिचा आवाज मला वळवतो.

गॅरेजमध्ये एक स्टूल तुझ्या डाव्या हाताला ठेव. मी तिथे बसेन. अकॉर्डियन आणणार नाही, आणि चरणही मोजणार नाही. तू वाजव, नाहीतर नको वाजवूस.

डोळे मात्र उघडे ठेवीन.

तुझा दाजी,
शालिग्राम